रक्तात कोंडा कसा दिसेल, लीला

लीला, तू गेलीस, आणि तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात माइक माझ्यापुढे आणून धरला. म्हणे, तुम्ही भावजय, जन्म सोबत काढला, दोन शब्द बोला. मी उठले, उभी राहिले, आणि परत खाली बसले. बायांना वाटलं, म्हातारीला रडू आलं. एकीने पाणी आणून दिलं. मी प्यायले. पण मला रडू आलं नव्हतं. मला तुला एक विचारायचं होतं आणि ते चार लोकांत विचारण्यासारखं नव्हतं.

आपल्या घोडीला, सावरीला, कोंडा तू घातलास. का घातलास?

हेच विचारायचं होतं. सावरी आजारी पडली तेव्हापासून माझ्या पोटात होतं. आपण एका चुलीवर जेवलो, एका खोलीत झोपलो, तुझ्या गुडघ्याला तेल मी लावलं, माझा मोतीबिंदू काढला तेव्हा तू माझा हात धरून मला परसात नेलंस. बठ्ठं, सगळं केलं. पण हे नाही विचारलं. एकदाच विचारलं, तेही आडून, आणि तू उलट मलाच विचारलंस.

तुझं लग्न मला आठवतं. मी तेव्हा नवी सून होते या घरात. तुझा नवरदेव भुसावळकडचा, रेल्वेच्या चाळीत वाढलेला. त्याला काय माहीत आपल्या गावाचं. तो घोडीवर बसून आला. आपल्या वस्तीतला नवरदेव घोडीवर बसून चौकातून जात नसे तेव्हा, कुणी जाऊ देत नसे. त्याला चौकात खाली उतरवलं. हाताला धरून ओढलं, फेटा पडला. तो पायी आला मांडवात, तोंड काळंठिक्कर. लग्न लागलं. पण तो राग त्याने गावावर काढला नाही, तुझ्यावर काढला. उठता बसता म्हणायचा, तुझ्या गावाने मला खाली पाडलं. एक दिवस तू पत्र्याची पेटी घेऊन माघारी आलीस. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. तुझा दादा एवढंच म्हणाला, चहा टाका.

मग आपण दोघींनी राबायचं ते राबलो. कापूस वेचला, मिरच्या खुडल्या, सोनगीरच्या पुढे रस्त्याचं काम निघालं तिथे खडी वाहिली. तुझा दादा गेला तेव्हा प्रकाश शाळेत होता. त्याला मी जन्म दिला, पण मोठं दोघींनी केलं. ते मी कधी नाकारलं नाही.

तुझ्या हातात मांडे होते. पुरणाचे खापरावरचे मांडे करणाऱ्या बाया पुष्कळ, पण तुझ्यासारखा मांडा हातावर फिरवणारी मी पाहिली नाही. कोपरापर्यंत यायचा, आरपार दिसायचं, फाटायचा नाही. पुढे पुढे ज्या घरांतले लोक आपल्याला ओट्याखाली उभं करायचे, त्या घरांतून लग्नाचे मांडे करायला तुला बोलावणी यायला लागली. तू घरीच करून द्यायचीस. गहू ओलवायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, दळून आणायचे, मग ते पीठ पातळ कपड्यातून गाळायचं. वर राहायचा कोंडा. लग्नसराईत आपल्या घरात कोंड्याचे ढीग असायचे. म्हैस होती तोवर म्हैस खायची. म्हैस विकली, आणि त्याच साली प्रकाशने सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली.

पांढरी शुभ्र. कपाळावर एक केस काळा नाही. तूच म्हणालीस, सावरीच्या बोंडातला कापूस दिसतो. मग तेच नाव पडलं. पण तू त्या दिवशी बाहेर आली नव्हतीस, हे मी विसरले नाही. बठ्ठी वस्ती जमली, बायांनी पाणी पाजलं, पोरांनी गूळ चारला, आणि तू आत पीठ गाळत बसलीस. नाव तू खिडकीतून पाहून ठेवलंस. मी तेव्हाच मनात म्हटलं, हिला घोडी नको आहे. कशी हवी असेल? घोडीनेच तर हिचा संसार मोडला.

सावरी वरातीला जायला लागली. आपल्या वस्तीतला पहिला नवरदेव तिच्यावर बसून चौकातून गेला, बँड वाजवत. काळ बदलला होता, कुणी हात लावला नाही. पण बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या, कुणाच्या डोळ्यात काय ते कळत होतं. तू माझ्या शेजारी उभी होतीस. एवढंच म्हणालीस, "बठ्ठा गाव देखी ऱ्हायना." त्यात आनंद होता का दुसरं काही, मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या सराईत ती लंगडायला लागली. आधी मागचा डावा पाय. नाल ठोकणाऱ्याला बोलावलं, त्याने नाल काढून पाहिली, खुरात काही नाही. मग चार दिवसांनी डावा बरा आणि पुढचा उजवा लंगडा. मला तेव्हाच वास आला. लंगडेपणा असा एका पायातून दुसऱ्यात जातो का? मग चारा चावेना. कडबा तोंडात घ्यायची, घोळवायची, अर्धा चावलेला बोळा खाली टाकायची. आणि मग तिचं तोंड सुजलं. डोळ्याखाली, गालाच्या वर, दोन्ही बाजूंनी सारखं. हात लावून पाहिलं तर मऊ नाही, हाडच वर आलेलं. श्वास घेताना घर्रघर्र वाजायचं. एका वरातीत पोरं हसली, घोडीला गालगुंड झालं म्हणे.

संशय कुणावर घेणार? तू म्हणशील, वैनीला संशय घ्यायला कारण लागत नाही. असू दे. गावात नानाची घोडी होती, कितीतरी वर्षांची. सावरी आल्यावर त्याला बोलावणी कमी झाली. तो सोप्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा, "आमनी घोडी शे ना, मग त्यासनी कसाले लावतस?" प्रकाश म्हणाला, त्यानेच काही चारलं. भांडायला निघाला होता, तू दारात आडवी उभी राहिलीस. तेही मी लक्षात ठेवलं. प्रकाशला का अडवलंस? चांगुलपणाने, का नानाने काही केलं नाही हे उघड झालं असतं म्हणून?

मी हौदाचं पाणी हुंगून पाहिलं. कडबा हाताने झाडून मगच टाकायला लागले. गोठ्याजवळून कोण जातं, कोण थांबतं, बघत बसायचे. तू पीठ गाळत असायचीस आणि मला बघताना बघायचीस. एवढंच चाललेलं असायचं घरात.

धुळ्याचे गुरांचे डॉक्टर आले. मला त्यांच्यावरही भरवसा नव्हता. तरणा माणूस, पायात बूट, गोठ्यात यायला आधी जरा बिचकला. पण घोडीच्या तोंडाला हात लावला तो मात्र ओळखीच्या माणसासारखा. गालावर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं. दात हलवून पाहिले. गळ्याखाली चाचपलं. मग विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं, ज्वारीचा कडबा, हरभरा, बांधावरचं गवत. ते म्हणाले, अजून? मी म्हटलं, अजून काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. रक्त घेतलं, मुताची बाटली भरून घेतली आणि गेले.

परत आले तेव्हा हातात कागद होता. ओट्यावर बसून त्यांनी समजावलं. तू चुलीशी होतीस, तुला ऐकू येत होतं. घशाजवळ बारीक गाठी असतात, म्हणाले, पॅराथायरॉइड नाव त्यांचं. रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, किती राहावा ते त्या बघतात. खाण्यात चुना कमी पडला, किंवा फॉस्फरस फार झाला, तर त्या गाठी हाडांतला चुना ओढून रक्तात आणतात. म्हणून रक्त तपासलं तर चुना नीटच दिसतो, फसायला होतं, पण मुतात खरं कळतं. आणि हाडं मात्र पोकळ होत जातात. तोंडाच्या हाडांतला चुना निघून जाऊन नुसते तंतू भरतात, म्हणून तोंड फुगतं, दात हलतात. पायांत कळा येतात, आज या पायात, उद्या त्या.

मी विचारलं, मग त्या गाठी काढून टाका ना. ते म्हणाले, "आजी, गाठी चांगल्या आहेत. एखादीच गाठ बिघडली असती तर वेगळं होतं, घोड्यात ते फार क्वचित होतं. या बिचाऱ्या आपलं काम करतात. खाणं चुकलंय."

गाठी चांगल्या, आणि घोडी आजारी. मला वाटलं, हा आपल्याला वेड्यात काढतो.

मग ते म्हणाले, कोंडा बंद करा. एकदम, आजपासून. त्यात फॉस्फरस फार.

मी म्हटलं, आम्ही कोंडा घालतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?

"रक्त सांगतंय," ते म्हणाले.

तिथे मी अडले, लीला. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पण रक्तात चुना दिसेल, आणखी काही दिसेल, कोंडा कसा दिसेल? हा माणूस काहीतरी लपवतो. आणि मग माझ्या डोक्यात दुसरं आलं. कोंडा या गावात ढिगाने कुणाकडे आहे? आपल्याकडे. तुझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावरीच्या मिशांत बोट घातलं. पापुद्र्यासारखा कोंडा चिकटलेला. बादलीच्या तळाला पण. डॉक्टर सांगून गेले तरी त्या सकाळी कोंडा होता. हे मला सगळ्यात लागलं. की आदल्या दिवशीचा वाळून राहिलेला होता? तेव्हा मी तो विचार केला नाही.

चुलीपुढे बसून तुला विचारलं. "कोंडा कोन टाकस तिले?"

तू हातातलं पीठ झाडलंस. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तुले वाटस का, मी तिले मारसू?"

हो म्हणाली नाहीस. नाही म्हणाली नाहीस. मला तसंच वाटत होतं, हे तुला माझ्या तोंडावर दिसलं असेलच. त्याच दिवशी मी गोठ्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. तू विचारलंस, "कुलूप कसाले?" मी म्हटलं, नानाचा भरवसा नाही. तू म्हणालीस, हं.

मग सावरीचं दुखणं मी एकटीने काढलं. कोंडा नाही, हरभरा नाही. लसूणघास कापून आणायचा, धुळ्याहून आणलेली चुनखडीची भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून चारायची. आधी तोंड फिरवायची, अंगावर फुंकायची, माझं लुगडं पांढरं व्हायचं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, पानाला लावतो तो चुना चालेल का. ते घाईने म्हणाले, नको, तोंड जळेल, ती साधी दळलेली चुनखडीच द्या. वरात बंद, पळवणं बंद, हाड मोडेल म्हणून. ती सराई तशीच गेली. नवरदेव नानाच्या घोडीवर गेले, प्रकाश घरात तोंड पाडून बसला. तू मांडे करत होतीस. कोंडा पोत्यात भरून डोक्यावर घेऊन लांबच्या गल्लीत म्हशीवाल्यांकडे नेऊन टाकायचीस, माझ्या डोळ्यांपुढून, मला दिसेल असं.

पाऊस संपता संपता ती चारी पायांवर नीट उभी राहिली. चावायला लागली. तोंड मात्र पहिल्यासारखं झालं नाही, डॉक्टर म्हणाले होते, ते असंच राहील थोडं. आता नवी माणसं विचारतात, ही कुठल्या जातीची घोडी, एवढं मोठं तोंड? प्रकाश काहीबाही सांगतो. मी त्या तोंडाकडे पाहिलं की मला तू दिसायचीस. चांगलं काही दिसायचं नाही. खोटं कशाला बोलू.

कुलूप मी काढलं नाही. सावरी बरी झाली तरी नाही. किल्ली कमरेलाच. तू कधी मागितली नाहीस. तुझा श्वास लागायला लागला, तू खाटेवर पडलीस, तेव्हा सुद्धा नाही. एकदा खाटेवरून म्हणालीस, घोडी खाई ऱ्हायनी का? मी म्हटलं, खाई ऱ्हायनी. बस. तुझं माझं तेवढंच बोलणं झालं तिच्याबद्दल.

आता ज्यासाठी हे बोलत बसले ते सांगते.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटायला आले. आता त्यांचं पोट सुटलंय, केस पिकायला लागलेत. ओट्यावर त्याच जागी बसले. म्हणाले, तुमच्या नणंदेमुळे घोडी वाचली. मी म्हटलं, कसं काय? ते म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. पहिल्यांदा येऊन गेलो, तुम्ही कोंडा नाही म्हणालात, मी चक्रावलो होतो. मग एक बाई एस.टी.ने दवाखान्यात आल्या. कोंडा मी घालते म्हणाल्या. कधीपासून, किती, बठ्ठं सांगितलं. वरातीत घोडी चकाकली पाहिजे, चौकातल्या लोकांनी बघत राहिलं पाहिजे, म्हणून घालायच्या. मग ती चावेना, कोंडा मऊ, तेवढाच खायची, म्हणून त्यांनी वाढवला. जितकी आजारी, तितका कोंडा. मी त्यांना म्हटलं, घरी सांगा ना तुम्ही. तर म्हणाल्या, "वैनीले वाटी, मी मुद्दाम करं." मुद्दाम केलं असं तुम्हाला वाटेल, ही त्यांना भीती.

मी ऐकून घेतलं. चहा ठेवला. आणि चुलीशी उभी राहून विचार केला, लीला, की हा माणूस मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. म्हातारी बाई, नणंद मेली, घरात काहीतरी बिनसलेलं होतं हे त्याला दिसलंच असेल. अशा वेळी लोक मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात. तू म्हणशील, मेल्यावर पण संशय. हो, मेल्यावर पण. मला तो सहज सोडून देता येत नाही.

म्हणून मी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, कोंडा कशात कालवायची ते सांगितलं होतं का तिने? कोरडा की ओला?

त्यांनी कप हातात धरून जरा आठवलं. मग हसले. "पुरणाच्या पाण्यात. डाळ शिजवून गाळतात ते. मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, म्हणजे घोडीला रोज कटाची आमटी चालली होती तर."

लीला, ते मला माहीत नव्हतं. मांड्यांच्या दिवशी आपल्या घरात रस्सी, कटाची आमटी, कायम पातळ व्हायची. कट पुरायचा नाही. मी किती वेळा तुझ्यावर ओरडले, डाळ एवढी शिजली, पाणी जातं कुठे? तू म्हणायचीस, "आटस." मी शेजारणीचं नाव घ्यायचे, तिला तू वाटी भरून देतेस म्हणून. तिच्याशी मी बोलणं सोडलं होतं त्यापायी. कटाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला ते तुझ्याकडूनच कळलं असणार.

म्हणजे ते कागद घेऊन ओट्यावर बसले आणि कोंडा बंद करा म्हणाले, तेव्हा तू आधीच सांगून आली होतीस. रक्त बोललंच नव्हतं. मला तेव्हाच वाटलं होतं, रक्तात कोंडा कसा दिसेल. संशय माझा बरोबर होता. फक्त भलतीकडे गेला.

मी माफी मागणार नाही. तुला ती आवडणारही नाही. आणि चूक माझ्या एकटीची नाही. धुळ्याला परक्या माणसाकडे जाता येतं, आणि चुलीपासून ओट्यापर्यंत येता येत नाही? मी चार शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस जेवले नसते. मग झालं असतं. तू मला एवढंही दिलं नाहीस. मी कुलूप लावलं आणि तू हं म्हणालीस. किती वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला टोचली आणि तुला दिसत होती. याचं काय करू मी आता? कुणाशी भांडू?

काल वस्तीत लग्न होतं. मांडे करायला तू शिकवलेली प्रकाशची बायको बसली. फाटतात तिचे, पण येतील. कोंडा निघाला. डॉक्टरांना मी जाताना विचारून घेतलं होतं, मूठभर कोंडा चालेल का. म्हणाले, आता एखाद दिवशी मूठभराने काही होत नाही, चुनखडी चालू ठेवा. मी डाळीचा कट घेतला, त्यात मूठभर कोंडा कालवला, गोठ्यात गेले. कुलूप डॉक्टर गेले त्याच दिवशी काढून टाकलंय.

सावरीने हातातला कोंडा एका घासात खाल्ला. मग तिने ते मोठं तोंड माझ्या पदरात घातलं. नाकाने पदर उलटा करून, कमरेपाशी, ओचा खोचतो तिथे, हुंगत राहिली. मी असं कधी तिला काही चारलं नव्हतं. मग मला कळलं, तू आणायचीस ते कुठे बांधून आणायचीस.

मी म्हटलं, ती नाही मी, सावरी. ती गेली.

ती हुंगतच राहिली. मी पण हलले नाही. वरातवाले हाक मारेपर्यंत तशीच उभी होते.